अठरा पानं

पुन्हा चुणी पडली. थोरलीने पॅडलवरचा पाय उचलला आणि मशीनकडे असं पाहिलं, जणू ते जावेच्या माहेरून आलंय.

गोधडी डबलबेडची आणि मशीन घरगुती, उशांचे अभ्रे शिवायचं. सुईच्या उजवीकडे जागा जेमतेम वीतभर. तेवढ्यात अर्धी गोधडी गुंडाळून कोंबायची. उरलेली अर्धी टेबलावरून खाली ओघळायची आणि आपल्या ओझ्याने टाका वाकडा खेचायची. म्हणून डावीकडे इस्त्रीचं टेबल, मागे दोन खुर्च्या, असा सगळा सरंजाम. एवढं करून उलटून पाहावं तर अस्तराला चुणी. तिने सुईच्या टोकाने एकेक टाका उसवायला घेतला. ब्लेडने काम झटकन झालं असतं. पण ब्लेड घसरलं की कापड फाटतं, आणि थोरलीचं कापड आजवर फाटलं नव्हतं.

धाकट्या बहिणीला असला धीर कधीच नव्हता. लहानपणी फ्रॉकचं बटण निघेना की ती फ्रॉकच ओढायची. आणि तरीही आईच्या पलंगावर गोधडी होती ती धाकटीची. दोन वर्षं थोरलीच्या पोटात हे दुखत होतं. तिने स्वतः आईला तीन गोधड्या दिल्या होत्या, पट्टीने आखल्यासारख्या सरळ टाक्यांच्या. तिन्ही कपाटात.

"वापरून खराब होतील गं," आई म्हणायची.

सरळ सांग ना, आवडल्या नाहीत, थोरली मनात म्हणायची.

धाकटीच्या गोधडीवर हिरव्या कापडाची पानं लावलेली होती. सतरा. थोरलीने मोजली होती. एका कोपऱ्यात तीन गर्दी करून, मग बरीच मोकळी जागा, मग एकटंच एक पान. येणारंजाणारं माणूस म्हणे, "काय सुचलंय हिला! वाऱ्याने आणून टाकल्यासारखी वाटतात." थोरली हसून मान डोलवी आणि घरी येऊन भांडी आपटी.

या चौथ्या गोधडीला तीन महिने लागले. पाच सुया मोडल्या. बॉबीन नेमकं रेघेच्या मध्यावर संपायचं. मान आखडली. "तयार मिळते की दुकानात," असं नवरा एकदा म्हणाला आणि पुढे दोन दिवस जपून बोलला. पण गोधडी झाली. अस्तरावर पालथा हात फिरवला तरी एक चुणी लागेना. इतकं नितळ काम तिच्याही हातून पूर्वी झालं नव्हतं.

गोधडी पसरून ती चार पावलं मागे सरली आणि तिला ती बोडकी दिसली.

तिने फोनमधला धाकटीच्या गोधडीचा फोटो उघडला. हिरवं कापड आणलं, पानं कापली आणि फोटोत होती तिथेच नेमकी शिवली. कोपऱ्यात तीन, मग ते एकटं एक. वर आणखी एक पान, ऐन मध्यावर. तिची सतरा तर आपली अठरा.

आईच्या वाढदिवसाला, धाकटी पोचायच्या आत, थोरली सकाळीच गेली. आई पलंगावर पाय पसरून बसली होती. थोरलीने मांडीवर ठेवलेली गोधडीची घडी तिने उलगडली. एकेका पानापाशी थांबत बोट फिरवलं. तिचा चेहरा कसनुसा झाला.

"तुझीसुद्धा फाटली?"

"म्हणजे?"

"धाकटीची नाही का? उसवायला ब्लेड घेतलं आणि ठिकठिकाणी भोकं पाडली. वरून पानं लावून आणली आणि इथे बसून रडली. कुणाला सांगू नकोस म्हणाली, ताईला तर नाहीच. मी ती पांघरली नसती तर तिने पुन्हा मशीन उघडलं नसतं." आईने थोरलीचा हात धरला. "तुझं सगळं नेहमी जिथल्या तिथे. तुझ्या गोधड्या पांघरायचा धीरच होत नाही मला. आणि बघ, तुझीही फाटली शेवटी."

थोरलीला सांगता आलं असतं. एक पान उचकटून दाखवलं असतं तरी पुरे होतं. खाली कापड धडधाकट होतं. धाकटीला सतरा भोकं, आपल्याला एकही नाही, हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

आईने पायांवरची धाकटीची गोधडी बाजूला सारली. थोरलीची ओढून घेतली, गळ्यापर्यंत.

"किती ठिकाणी फाटली गं?"

"अठरा," थोरली म्हणाली. "तिच्यापेक्षा एक जास्त."