पुलावरची एकच लढत

आप्पा हरले. पण ते जाऊ द्या. आप्पा अजून हरलेलेच नाहीत, असं धरून चालू.

आत्ता ते पलंगाच्या कडेला बसले होते, कंट्रोलर ओल्या साबणासारखा घट्ट धरून. पडद्यावर त्यांचा चिलखतवाला योद्धा हाडांच्या एका सापळ्याकडून मार खात होता.

"नुसती तलवार फिरवू नका, दम संपतो," मुलगी म्हणाली. घरात तिला सगळे ठकी म्हणत. "ती हिरवी पट्टी बघा. ती संपली की नुसतं उभं राहून मार खायचा."

"लग्नापासून तेच करतोय."

"ऐकू येतंय," आतून आई म्हणाली.

पैज ठकीनेच लावली होती. लांबच्या शहरात नोकरी लागलेली, उद्या सकाळची गाडी. आप्पा तोंड पाडून बसले तेव्हा ती म्हणाली होती, "जायच्या आधी या खेळात एकच लढत. मला हरवलंत तर नोकरीला नाही म्हणते. हरलात तर हसत पोचवायला यायचं." तेव्हापासून आप्पा दुकान लवकर बंद करत. अर्धी हजामत झालेलं एक गिऱ्हाईक अजून टोपी घालून फिरतंय.

"आणि शिकवतेयस तूच?" आईने विचारलं.

"लिंबूटिंबूला हरवून काय मजा?"

समोरासमोर आप्पांचं काही चालेना. ढाल उशिरा उचलायचे. वार करायच्या आधी "मान जरा खाली" म्हणून थांबायचे. सापळा काही मान खाली घेत नव्हता.

मग ठकीने कपाळावर हात मारला. "आप्पा, तुम्ही न्हावी आहात! गिऱ्हाईकाच्या समोर उभं राहून केस कापता का?"

आप्पांनी सापळ्याला वळसा घातला आणि जन्मभर जिथे उभे राहिले तिथे, मागे, जाऊन उभे राहिले. एकाच घावात डोकं गडगडत गेलं.

"बास! माझ्याशीही हेच करायचं," ठकी जरा जोरातच म्हणाली.

संध्याकाळी लढत लागली. तुटका दगडी पूल, खाली दरी, दारात ओले हात पुसत आई. ठकीने पहिल्याच फटक्यात आप्पांचा निम्मा जीव काढला. दुसरा त्यांनी ढालीवर झेलला. तिसरा चुकवला. दम राखून वळसा घातला. ठकीची हिरवी पट्टी रिकामी झाली होती. तिची पाठ समोर, मान उघडी. ती वळली नाही.



"मारा ना," ठकी पुटपुटली.

आप्पांनी तलवार उचलली. शेजारी बसलेल्या पोरीकडे एकदा बघितलं. मग त्यांचा योद्धा तिच्या योद्ध्याला ओलांडून सरळ चालत गेला आणि पुलाच्या टोकावरून खाली.

"पाय घसरला," आप्पा म्हणाले.

"खेळात पाय घसरत नाही, आप्पा."

"माझा घसरला. ऊठ, बॅग भर."

पडद्यावर तिच्या नावापुढे 'विजयी' चमकत होतं. ठकीने नाक ओढलं, खेळाच्या कंपनीची तक्रारीची खिडकी उघडली आणि लिहिलं: "महोदय, सदर लढतीत मला विजयी ठरवण्यात आले आहे. तरी माझा विजय तत्काळ रद्द करून मला रीतसर पराभूत घोषित करावे, आणि सकाळी माझी गाडी असल्याने निर्णय आजच्या आज कळवावा, ही नम्र विनंती."