पाहुण्यांची तपासणी

अपेक्षाला पाहायला हडपसरच्या घरी पाहुणे आले. मुलगी नर्स आहे हे कळल्यामुळे मुलाच्या आईने येताना पत्रिकेसोबत घरातल्या सगळ्यांचे रिपोर्टही आणले होते. अपेक्षाने पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि रिपोर्ट वाचायला घेतले. मुलाच्या वडिलांनी तर मोजा काढून पायच पुढे केला.

"महिना झाला, जखम काही भरत नाही बघ."

तिने खाली बसून, पाय हातात घेऊन नीट पाहिला. ती हात धुऊन येईपर्यंत बाहेर निर्णय झाला होता.

"मुलगी पसंत आहे आम्हाला," मुलाची आई म्हणाली. "फक्त लग्नानंतर ही नोकरी नको. परक्या पुरुषांना हात लावायचा, आमच्या घराण्यात नाही चालत."

अपेक्षाच्या आईने लेकीला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

"काका, साखर फार वाढलीय. उद्याच्या उद्या सर्जनना दाखवा, नाहीतर पाय जाईल," अपेक्षा म्हणाली. "आणि काकू, ड्रेसिंग रोज करावं लागेल. फोन करा, मी येईन. पण नर्स म्हणून येईन, सून म्हणून नाही."