समुद्रातलं दार

"दर्यात दार कोण बसवतो, वैनी? बरां हाय म्हणा, वाळवी लागायची नाय."

धाकू गुरव पुटपुटला ते दमयंतीच्या कानाशीच. तो सभामंडपाच्या खांबाला चित्राची दोरी बांधत होता आणि ती त्याच खांबाशी बसून देवाचा हार ओवत होती. तिने मान वर केली नाही. सुई मात्र मोगऱ्याऐवजी बोटात गेली.

चित्र रघूचं होतं. रघू तिच्या नवऱ्याचा भाचा, मुंबईला चित्रकला शिकणारा. सुट्टीत मामाकडे यायचा, रात्री ओटीवर निजायचा. चैत्रातल्या उत्सवासाठी तिच्या नवऱ्याने, रावजी खोतांनी, त्याला विश्वामित्र-मेनकेचं चित्र सांगितलं होतं. मोहाने माणसाची काय गत होते ते गावातल्या बायकांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुरुषांना ते आधीच कळलेलं असावं.

रघूने भलतंच काढलं. वर समुद्र, खाली आभाळ. मधोमध लाटांत उभं एक बंद दार. दाराच्या एका बाजूला अधांतरी जांभ्या दगडावर बसलेला ऋषी. त्याच्या माळेला मण्यांच्या जागी डोळे, सगळे उघडे. दुसऱ्या बाजूला पाठमोरी अप्सरा, तांबडं लुगडं नेसलेली, डोक्यावर एक केस नसलेली. तिची कापलेली वेणी दाराखालून सरपटत ऋषीच्या मांडीवर चढत होती. विलायतेत हल्ली स्वप्नं अशी जशीच्या तशी काढतात, एवढंच रघू म्हणाला.

रावजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण कीर्तनकार बुवांनी अर्थ सांगायला घेतला, तशा त्या एकेक करून उतरल्या. तांबडं वस्त्र म्हणजे रजोगुण. वेणी हा वासनेचा सर्प. माळेतले डोळे ही ऋषीची दिव्य दृष्टी. दार मोक्षाचं, आणि ते मायेने अडवून धरलेलं. मंडळी माना डोलवत राहिली. तसलं तांबडं आलवण त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुठल्या तरी विधवा आत्याच्या, काकूच्या अंगावर होतं. बुवांनी रजोगुण म्हटल्यावर ते कुणालाच ओळखू आलं नाही.



मागे, चपला काढून ठेवतात तिथे, चिमा बसली होती. दमयंतीची धाकटी जाऊ. दीर गेला तो मरताना सांगून गेला होता, हिचे केस काढू नका. रावजींनी भावाचा शब्द पाळला आणि गावाने त्यांना सुधारक म्हणून केवढं नावाजलं. मग यंदाच्या फाल्गुनात अचानक त्यांना त्या केसांत मोह दिसला. परसात न्हावी बसला. चिमाचं पाऊल वाकडं पडलं, असं गावभर कुजबुजलं गेलं. कुणाकडे पडलं ते कुणी विचारलं नाही. आता उद्याच्या बोटीने तिची रवानगी मुंबईला, आणि तिथून काशीला. कायमची.

बुवांचं निरूपण ऐकून रावजींना आणखी एक सुचलं. जाण्याआधी चिमाने या चित्रापुढे नारळ ठेवावा आणि गुरवाने तिच्या नावाने गाऱ्हाणं घालावं. देवाला सांगितलेलं बरं.

चिमा उठली. नारळ घेऊन जाताना दमयंतीपाशी थबकली.

"अक्का, काय चुकलं ते गुरवाला तुम्हीच सांगा. मला ठाऊक नाही."

दमयंतीने तेव्हा पहिल्यांदा चित्राकडे नीट पाहिलं. ऋषीकडे नाही, अप्सरेकडे नाही, दाराकडे. कडी अप्सरेच्या बाजूला होती, घट्ट लावलेली. तिचा कोयंडा वाकून चौकटीतून उपसायला आला होता. अगदी तसाच कोयंडा चिमाच्या खोलीच्या दाराला होता. फाल्गुनापर्यंत तो सरळ होता.

तिने रघूकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. म्हणजे फाल्गुनातल्या त्या रात्री ओटीवर निजलेल्यालाही झोप लागली नव्हती तर.

धाकूने चिमाच्या हातातल्या नारळावर हात ठेवून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या हातून मोहापायी काय चूकभूल झाली आसंल, ती पदरात घे रे म्हाराजा."

"होय महाराजा," मंडळी म्हणाली. गाऱ्हाण्याला दुसरं उत्तर नसतंच. आजवर त्या देवळात कुणी दिलेलं नव्हतं.

"हिनं घराण्याला लावलेला डाग धुऊन काड रे म्हाराजा."

"नाही महाराजा."

धाकूचा हात नारळावर तसाच राहिला. पुरुषांच्या रांगेतले सगळे चेहरे बायकांच्या बाजूला वळले. दमयंती उभी होती. मांडीवरचा मोगरा तिच्या पायांत सांडला होता.

घरी जा, असं रावजींनी नजरेनेच सांगितलं. त्या नजरेने इतकी वर्षं भागलं होतं.

"बुवा, तुम्ही दार उलटं वाचलंत," ती म्हणाली. "कडी कुणाच्या बाजूला आहे ते बघा."

बुवांनी चित्राकडे पाहिलं आणि उपरणं सावरलं. कुणी खाकरलं. चिमाने नारळ खाली ठेवून दिला.

मग दमयंती नवऱ्याकडे वळली. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी बोलताना 'इकडून'पलीकडे तिची जीभ गेली नव्हती. आज ती चार गावच्या मंडळींसमोर सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"कडी तिने आतून लावली होती. बाहेरून दार ढकलत होतात ते तुम्ही."