खोडलेली उत्तरं

वृंदा जूनपासून मुलुंडच्या त्या शाळेत खेटे घालत होती: लेक हुशार आहे, चौथीतून थेट सहावीत बसवा. आज प्रिन्सिपल मॅडमनी एकदाची रेवाची परीक्षा घेतली. वृंदा आणि नवरा खुर्चीला खुर्ची लावून, आदर्श जोडप्यासारखे बसले होते. “सगळी गणितं चुकली,” मॅडम म्हणाल्या. वृंदा हबकलीच. घरी सातवीचं पुस्तक फस्त केलेली पोर साधा भागाकार चुकते? तिने पेपर ओढून उजेडात धरला. चुकीच्या उत्तरांखाली खोडलेली बरोबर उत्तरं पुसट दिसत होती. “मुद्दाम खोडलंस?” रेवाने मुठीतला खोडरबर आवळला. “पाचवी गाळली तर माझी दहावी एक वर्ष आधी होईल ना?” “मग चांगलंच आहे की गं!” नवरा हसला. रेवा हसली नाही. “परवा किचनमध्ये तुम्ही दोघं कुजबुजत होतात, ‘रेवाची दहावी होऊ दे, मग घेऊ डिव्होर्स.’”