ढवळलेला भात

या, जवळ सरकून बसा. एका भाताची गोष्ट सांगते.

लेकीच्या वाढदिवसासाठी केतकी गॅसपाशी उभी राहून इटालियन रिसोटो करत होती. भाज्यांचं कढत पाणी डावभर घालायचं, मुरेपर्यंत भात ढवळायचा, पुन्हा घालायचं.

चीज घालून तिने बोळक्या तोंडाच्या सासऱ्यांना चमचाभर चाखायला दिला.

"अगं, हा तर आपला गुरगुट्या भात," ते म्हणाले. "शेवटच्या आजारपणात तुझी सासू हाच मागायची बघ."

केतकीचा डाव थांबला. तेव्हा ती म्हणाली होती, "आई, कुकरचा खा. भात ढवळत उभं राहायला वेळ कुणाला आहे?"

पहिली वाटी तिने सासूच्या फोटोपुढे ठेवली आणि भात निवेपर्यंत तिथेच उभी राहिली.

कधी भात ढवळाल, तेव्हा त्या माउलीची आठवण काढा.