विंगेतून आलेलं वाक्य

दुसऱ्या अंकात, ऐन कबुलीच्या प्रसंगात, सिद्धलिंगचं भाषण डोक्यातून साफ गेलं. तेही नांदेडच्या स्पर्धेत, परीक्षकांच्या डोळ्यांदेखत. लेकीला आलेलं पत्र वीस वर्षं दडवून ठेवणारा म्हातारा पोस्टमास्तर त्यानं तोवर झकास उभा केला होता. पण समोर एकाआड एक खुर्ची रिकामी, आणि भरलेल्या खुर्च्यांत नुसते मास्क. कोण रंगलंय, कोण जांभई देतंय, काही कळेना. त्या डोळ्यांचा अंदाज घेता घेता वाक्य निसटलं. आता सगळी भिस्त विंगेत संहिता घेऊन बसलेल्या प्रॉम्प्टरवर. आणि प्रॉम्प्टर होता अमरेश. हा वाक्य देईल याची सिद्धलिंगला खात्री नव्हती.

कारण ही भूमिका मुळात अमरेशची. लातूरच्या त्यांच्या हौशी मंडळात सहा वर्षं सगळ्या मोठ्या भूमिका अमरेशच्याच. सिद्धलिंगच्या वाट्याला शेजारी, हवालदार, फार तर मुलीचा मामा. तो चारचौघांत "वा, अमरेश" म्हणायचा आणि घरी जाऊन आरशासमोर अमरेशचीच भाषणं म्हणायचा. जळायचा, दुसरा शब्द नाही.

मग लॉकडाऊन लागला आणि नाटक मोबाइलवर आलं. दिग्दर्शक आनंदराज सर दर रविवारी चारला व्हिडिओवर तालीम घ्यायचे. नाटकातली लेक मंजुषा स्वयंपाकघरातून बोलायची. प्रकाशयोजनेचा नरसिंग पोटासाठी भाजी विकत होता, तो गाड्यावरूनच हजेरी लावायचा. "नाटक बंद पडलं तर पडू द्या, मंडळ बंद पडू द्यायचं न्हाई," असं सरांचं म्हणणं. दुसऱ्या लाटेत अमरेश अठरा दिवस दवाखान्यात होता. तेवढ्यात सरांनी पोस्टमास्तर सिद्धलिंगला दिला. देवळं बंद होती, म्हणून सिद्धलिंगनं घरातल्या देवापुढं नारळ फोडला. अमरेश बरा व्हावा म्हणून, असं त्यानं बायकोला सांगितलं.

अमरेश बरा होऊन घरी आला. ग्रुपवर त्याचा एका ओळीचा मेसेज पडला, "भूमिका सिद्धूकडंच राहू द्या, मी प्रॉम्प्टिंग करतो." त्यानंतर तालमीत त्याचा चेहरा दिसायचा, पण माइक कायम बंद. काही विचारलं की नुसती मान हलवायचा. स्पर्धेआधी समोरासमोर चार तालमी झाल्या, तेव्हाही तो मास्क लावून खिडकीपाशी बसला. सिद्धलिंगची भाषणं चोख पाठ होती, त्यामुळे प्रॉम्प्टरला तोंड उघडावंच लागलं नाही. तालीम संपली की हात वर करून तो सगळ्यांच्या आधी निघून जायचा. सिद्धलिंगनं या सगळ्याचा अर्थ तिथल्या तिथं लावला. रुसलाय. माझ्यावर जळतोय. जळणाऱ्या माणसाला दुसरं कारण सुचतच नाही.

आणि आता तोच अमरेश विंगेतून कुजबुजला, "ते पत्र..."

पुढे काही नाही. सिद्धलिंगनं तेवढंच म्हटलं आणि उभा राहिला. बऱ्याच वेळानं पुढचं आलं, "मी वाचलं होतं..." परत शांत. "तू रोज दारात..." परत शांत. सिद्धलिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घास घास टाकतोय लेकाचा. भर स्पर्धेत पाडायचंय याला मला. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. मिळेल तेवढा तुकडा उचलायचा आणि पुढच्याची वाट बघायची, असं करत त्यानं कबुली कशीबशी शेवटाला नेली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. त्याला वाटलं, संपलं आपलं.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. अभिनयाचं पहिलं पदक सिद्धलिंगला. परीक्षक माइकवर म्हणाले, "त्या कबुलीत म्हाताऱ्याला एकेक शब्द जड जात होता. असं थांबणं शिकवून येत नाही." टाळ्या वाजल्या. पदक गळ्यात पडलं, पण गोड लागेना. ज्याच्यासाठी सहा वर्षं जीव टाकला ते मिळालं, आणि तेही अमरेशच्या खोडीमुळे.

बाहेर पायऱ्यांवर त्यानं अमरेशला गाठलं. "मुद्दाम तोडून तोडून वाक्यं देत होतास. मला पाडायचं होतं न्हवं? खरं सांग."

अमरेश चारच पायऱ्या उतरला होता, पण कठडा धरून उभा होता. त्यानं मास्क खाली केला.

"तुला पाडून..." तो म्हणाला आणि थांबला. छाती वरखाली होत होती. "मला काय मिळनार हाय, सिद्धू..." परत थांबला. "एका दमात... तेवढंच निघतंय आता. कुनाला सांगितलं न्हाई."

सिद्धलिंगला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण मागाहून. आधी मनात आलं ते एवढंच, की काय थांबतो हा, आणि आपल्याला हे जन्मात जमणार नाही.