पान्हा

किर्तीला दूध काही येईना आणि बाळ भुकेनं रडून लालबागची खोली डोक्यावर घेई. शेवटी रूपेशनं कर्जतच्या ओढ्यावर गळ टाकून चांगली दांडगी मरळ आणली. सासूबाईंनी कमी तिखटाचं कालवण पुढ्यात ठेवलं. “खा गो, पान्हो फुटतलो.”

“एवढी मोठी लागली कशी रे गळाला?” किर्तीनं रूपेशला विचारलं.

“सोप्पंय. पिल्लांचा थवा दिसला की त्यातून गळ फिरवायचा. भूक नसली तरी आई धावून येतेच,” रूपेश हसला.

“आणि पिल्लं?”

“त्यांना काय, दुसरे मासे खातात.”

किर्तीचा घास हातातच राहिला. पाळण्यात बाळानं पुन्हा भोकाड पसरलं.

.

.

ताट चाटूनपुसून ती म्हणाली, “उद्या परत जा. अशीच पिल्लंवाली बघ.”